मिठीचा काठ

माझे सासरे भूगोलाचे निवृत्त शिक्षक आहेत, आणि निवृत्त शिक्षकाला घरात एकच विद्यार्थी उरला तर त्या विद्यार्थ्याचे काय होते, हे मी गेली नऊ वर्षे अनुभवते आहे. चैत्रातल्या एका शनिवारी रात्री त्यांनी दिनदर्शिका चाळत जाहीर केले, "सूनबाई, उद्या सकाळी कुर्ल्यापासून मिठीच्या काठाकाठाने माहीमच्या खाडीपर्यंत चालत जाऊ. वसंत ऋतू आहे, आणि मुंबईत जन्म काढून आपली नदी पाहिली नाही, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे." माझ्या नवऱ्याची कंबर त्याच क्षणी धरली आणि ती थेट सोमवारी, ऑफिसच्या वेळेला सुटली.

अण्णांचा भरती-ओहोटीचा हिशेब कोळ्यांचा आहे. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते. रविवारी वद्य चतुर्थी होती. चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनला आणि ओहोटी नवाच्या सुमारास. ओहोटीला काठ उघडा पडतो आणि सगळे नीट पाहता येते, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरे निघाले. फक्त ओहोटीला मिठीच्या पात्रात जे काही उघडे पडते, ते डोळ्यांच्या बरेच आधी नाकाला कळते, हे त्यांनी सांगितले नव्हते. शिवाय वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी, हेही माझ्या लक्षात कुर्ल्याला उतरल्यावर, गरम वड्यांचा वास आला तेव्हाच आले. पिशवीत चार केळी आणि राजगिऱ्याचे दोन लाडू होते. समोर साधारण आठ किलोमीटर होते.

काठाने चालायचे तर काठ लागतो. मिठीला तो नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा ही नदी न बोलावता लोकांच्या घरी जाऊन आली. त्यानंतर लोकांनी तिला संरक्षक भिंत घातली आणि येण्याजाण्याचा संबंध दोन्ही बाजूंनी संपवला. त्यामुळे आमची फेरी नदीच्या काठाने नव्हे, तर एका भिंतीच्या काठाने सुरू झाली. पूल आला की कठड्यावरून वाकून दर्शन घ्यायचे आणि पुन्हा गल्ल्यांतून, टेम्पोंच्या मधून, भंगाराच्या ढिगांना वळसे घालत पुढच्या पुलापर्यंत जायचे, असा तो क्रम होता. अण्णांचे मात्र भिंतीवाचून काही अडले नाही. शिकवणी वर्गाची जाहिरात रंगवलेल्या सिमेंटकडे छत्री रोखून ते मला सांगत होते की विहार आणि पवई या तलावांचे सांडपाणी, म्हणजे ओसंडणारे पाणी, एकत्र येऊन ही नदी होते, विहारचा तलाव १८६० सालचा आहे, आणि तिथून माहीमपर्यंत तिची लांबी सुमारे १८ किलोमीटर आहे. 'सांडपाणी' या शब्दाचा हा जुना अर्थ होता. भिंतीच्या पलीकडून येणाऱ्या वासाला तो मान्य नसावा.

वसंत अजिबात नव्हता, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच भिंतीच्या फटीतून एक पिंपळ उगवला होता आणि त्याची तांबूस चैत्रपालवी उन्हात इतकी लखलखत होती की मी भूक विसरून दोन मिनिटे तिथेच उभी राहिले. पलीकडे कुठेतरी कोकीळ ओरडत होता. त्याच्या दर दोन तानांमागे पोकलेनची एक घरघर ऐकू येत होती, कारण पावसाळ्यापूर्वी गाळ उपसण्याचाही हाच ऋतू. मुंबईतला वसंत या दोघांनी वाटून घेतला आहे आणि त्यात पोकलेनचा आवाज अधिक सुरात लागतो, असे माझे मत झाले.

वांद्रे-कुर्ला संकुलात शिरल्यावर काचेच्या इमारती आल्या, स्वच्छ पदपथ आला, आणि मोकळा काठ दिसेल अशी आशाही आली. एका फाटकाशी सुरक्षारक्षकाने आम्हाला थांबवले.

"कुठं निघालात काका?"

"नदीकडे."

"नदी? हिकडं कुठली नदी? मागं नाला हाय."

अण्णांच्या वर्मावर घाव बसला. हा सारा भाग पूर्वी तिवरांचा चिखल होता, त्यावर भराव घालून हे संकुल उभे राहिले, नदीचे अंग आवळले गेले, आणि म्हणून पाण्याला जायला जागा उरली नाही, हे त्यांनी त्याला उभ्या उभ्या वीस मिनिटे समजावले. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि मग अदबीने सांगितले, "बरोबर असंल काका, पण मी वाईचा हाय. नदी काय असती, ते मला म्हाईत हाय." कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या माणसापुढे भूगोलाचे काही चालेना. आम्ही मुकाट्याने वळसा घातला.

धारावीला लागून असलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाशी मी बसकण मारली. या ३७ एकरांवर एके काळी शहराचा कचरा पडत असे. त्यावर झाडे लावून १९९४ साली उद्यान खुले झाले. कचऱ्याचे जंगल झाल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही, त्यामुळे तिथली सावली मी पायांतले बूट काढून, पुरेशा आदराने घेतली. दोन केळी तिथे संपली.

माहीमचा पूल गाठला तेव्हा पावणेदहा झाले होते. लेडी अवाबाई जमशेटजी यांनी पदरचे पैसे घालून हा रस्ता बांधवला, त्याआधी लोक खाडी होडीतून ओलांडत, हे मी ऐकले. 'होडी' या शब्दाशी माझे मन जरा जास्तच रेंगाळले. खाली मात्र अखेर, भिंत नसलेली खाडी होती. चिखलातून तिवरांची श्वासमुळे पेन्सिलींसारखी वर आली होती, एक ढोकरी मान आखडून बसली होती, आणि पाणी निश्चल होते. अण्णांनी घड्याळ पाहिले आणि ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने एक नारळ आणि झेंडूची विटकी माळ पुलाखालून हळूहळू निघाली. समुद्राकडे नव्हे, आत, कुर्ल्याच्या दिशेने. भरती लागली होती. पाऊणकी चुकली नव्हती.

"पाहिलेत, सूनबाई?" अण्णांचा चेहरा उजळला होता. "आता परत जाताना पाण्याचीही सोबत आहे."

परत चालत जायचे आहे, हे मला तेव्हा कळले. या बाजूला रिक्षांना बंदी आहे, म्हणून मी धावत जाऊन टॅक्सीला हात केला. टॅक्सीवाल्याने कुर्ल्याचे नाव ऐकले, नाक मुरडले आणि काच वर केली. मी वळून पाहिले, तर अण्णा छत्री उघडून निघाले होते, आणि नारळाच्या चार पावले पुढे होते.