वर्ड बंद पडल्यावर फाइली पुसण्याचा घातक सल्ला

नांदेडला मराठवाडा मुक्तिसंग्रामावर प्रबंध लिहिणाऱ्या माझ्या भाचीचे वर्ड परवा काम चालू असतानाच बंद पडले. तिने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा : “मामा, या एएसडी फाइली डिलीट करू ना?” हे तिला सुचवले होते एका व्हॉट्सअ‍ॅप संदेशाने. वर्ड क्रॅश झाले तर आधी .asd ने संपणाऱ्या विचित्र नावांच्या फाइली शोधून पुसा. ~$ ने सुरू होणाऱ्या फाइलीचे नाव बदला, म्हणजे मजकूर परत येतो. नाहीच आला तर फुकटचे रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका. आणि परत आलेल्या फाइलीत इंग्रजी अक्षरे दिसली तर ती करप्ट समजून काढून टाका, असा त्याचा सारांश आहे.

यातला पहिला सल्ला सर्वांत घातक आहे. एएसडी ही वर्डच्या ऑटोरिकव्हरचीच, म्हणजे आपोआप प्रत जपणाऱ्या सोयीचीच फाइल असते. मूळ मांडणीत वर्ड दर 10 मिनिटांनी चालू मजकुराची एक प्रत अशा फाइलीत ठेवते आणि क्रॅशनंतर पुन्हा उघडल्यावर तीच प्रत आपल्यापुढे करते. म्हणजे जे वाचले आहे नेमके तेच आधी नष्ट करा, असे हा संदेश शहाणपणाच्या सुरात सांगतो. करायचे आहे ते याच्या उलट : काहीही न पुसता वर्ड पुन्हा उघडावे, आणि डावीकडे जपलेल्या प्रतींची यादी दिसली नाही तर फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट या वाटेने ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’पर्यंत जावे. टेम्पररी फाइलींची अधूनमधून सफाई करणे गैर नाही, एवढे या संदेशाच्या बाजूने नाइलाजाने मान्य करतो. पण ती सगळे काम सुरक्षित असताना करायची असते.

~$ ची गोष्ट निव्वळ हास्यास्पद आहे. वर्ड तात्पुरत्या फाइली कशा तयार करते, हे सांगणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्याच मदत-लेखात स्पष्ट म्हटले आहे की या फाइलीत दस्तऐवज उघडणाऱ्याचे लॉगइन नाव असते. सहसा 162 बाइटची ही फाइल. तिचे नाव बदलून त्यातून प्रबंधाचे प्रकरण कसे निघणार?

रिकव्हरी सॉफ्टवेअर शोधते ते डिस्कवर लिहून नंतर पुसले गेलेले. जे कधी डिस्कवर उतरलेच नाही, ते त्याला सापडणार नाही. शिवाय त्याच ड्राइव्हवर ते टाकले तर पुसलेल्या फाइलीच्या जागेवर नवे काही लिहिले जाण्याचा धोका असतो.

शेवटच्या मुद्द्याचा फटका मराठीत टाइप करणाऱ्यांनाच बसतो. बिघडलेल्या फाइलीतून वर्डच्याच ‘रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल’ या सोयीने नुसता मजकूर काढला की फॉर्मॅटिंग जाते, आणि त्याबरोबर फॉन्टही. आपल्याकडे अजूनही अनेक जण कृतिदेवसारख्या युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतात. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्याच सांकेतिक क्रमांकांवर बसवलेली असल्यामुळे फॉन्ट निघाला की सगळे पान निरर्थक रोमन अक्षरांचे दिसते. ती फाइल करप्ट झालेली असेलच असे नाही. सगळा मजकूर निवडून मूळ फॉन्ट पुन्हा लावून पाहावा. तक्ते आणि चित्रे मात्र या मार्गाने परत येत नाहीत, ती नव्याने घालावी लागतात.