पंचवीस झाडांची यादी नको, एक उंबर पुरे

शाळांना हात जोडून सांगणं आहे. मुलांना जंगलात न्यायचं असेल तर ती झाडांच्या यादीची वर्कशीट शाळेतच ठेवा.

पाऊस ओसरला की ठाण्याजवळच्या येऊरला, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात, बसगाड्या लागतात. साठ-सत्तर मुलं, एक गाइड आणि प्रत्येकाच्या हातात कागद. ऐन, कुडा, पळस, काटेसावर... दिसलं, टिक करा, पुढे चला. परतताना मुलांची एकच तक्रार, बिबट्या दिसलाच नाही. एवढ्या गलक्यात खाऊच्या पिशव्या हेरून आलेली माकडं सोडली तर दिसणार तरी काय?

मी हौसेने मुलांना घेऊन जातो आणि माझं मत आता पक्कं झालंय. फळांनी लगडलेला एक उंबर शोधा आणि अर्धा-पाऊण तास तिथेच बसा.

खोडालाच लागलेली फळं बघून मुलं आधीच बुचकळ्यात पडतात. खाली पडलेलं, पिकत आलेलं एक फळ उघडलं की चिलटाएवढे काळे कीटक भराभर बाहेर. "शी! सर, माझी आजी हे खाते!" इथून पुढे कोणाला गप्प बसा म्हणावं लागत नाही.

उंबराची फुलं फळाच्या आतच असतात. गांधीलमाशीची ही चिमुकली नातलग कोवळ्या फळाच्या बारीक भोकातून आत घुसते. घुसताना पंख तुटतात. परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आतच जन्मतात, मादीशी मीलन करतात, बाहेर पडायला बोगदा पोखरतात आणि मरतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात.

त्यातही फुकटे असतातच. परागीकरण न करता बाहेरूनच लांब सुईने फळात अंडी घालणाऱ्या माश्या. त्यांना पकडतात पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या. मुलं खोडाला नाक लावून ही धरपकड शोधत बसतात. (मुंग्या चावतात. चावू द्या.) वर तांबट आणि हरियल फळं खात असतात, रात्रपाळीला वटवाघळं आणि उदमांजर.

एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "आमच्या सोसायटीत डासांसाठी धूर सोडतात, मग तिथल्या उंबराच्या माश्यांचं काय होत असेल?" अख्ख्या वर्कशीटमध्ये असा एक प्रश्न दाखवा!

पालक म्हणतात, एवढे पैसे भरून एकच झाड? अहो, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान एका सकाळीत कोणालाच 'कव्हर' होत नसतं. इथली कारवी, म्हणजे आठ वर्षांतून एकदाच फुलणारं झुडूप, तीसुद्धा २०२४ मध्ये फुलली, आता २०३२ पर्यंत थांबा. तोवर पाड्यावरच्या एखाद्या काकांना रीतसर मानधन देऊन सोबत घ्या. कारवीच्या काठ्या उभ्या करून, वर शेणमाती लिंपून घराची भिंत कशी करतात, हे ते माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं सांगतात.

यंदा जाणार असाल तर पंधरा-वीस मुलांचे गट करा आणि फळं धरलेला उंबर कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून या. वनखात्याच्या परवानगीचं आधी विचारा. भडक टी-शर्ट नकोत, आणि वेफर्सची पाकिटं तर अजिबात नकोत, माकडं हातातून ओढून नेतात.