ग्राहक मुख्यपृष्ठावरूनच येतो, हे खरे नाही

सांगलीतील हळद आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्यातील म्हणणे थोडक्यात असे : ग्राहक वेबसाइटवर मुख्यपृष्ठावरूनच येतो, म्हणून खर्च तेवढ्यावरच करावा, वेबसाइटवर कोण कुठून आले हे दाखवणाऱ्या अहवालात ‘डायरेक्ट’ म्हणून दिसणारे सगळे जण पत्ता टाइप करून आलेले जुने ग्राहक असतात, आणि एकच पान पाहून परत फिरलेला माणूस हातचे गेलेले गिऱ्हाईक समजावे. याच व्यापाऱ्यांच्या वेबसाइट सांभाळणे हे माझे काम असल्यामुळे, या समजुतीवर त्यांचा पैसा खर्च होताना पाहून गप्प राहवत नाही.

पहिली गोष्ट, पेढीला एक दार असते. वेबसाइटला जितकी पाने तितकी दारे असतात. गूगल आपल्या सूचीत एकेका पानाची स्वतंत्र नोंद ठेवते आणि विचारलेल्या प्रश्नाशी जे पान जुळते तेच पुढे करते. राजापुरी आणि सेलम हळदीत फरक काय, असे शोधणारी व्यक्ती थेट त्या माहितीच्या पानावर उतरते आणि बहुतेकदा मुख्यपृष्ठ तिच्या नजरेसही पडत नाही. गणपती पेठेतील एका पेढीवर मालकांच्याच मोबाइलवर मी हरिपूरच्या पेवांविषयी शोधून दाखवले, तेव्हा त्यांच्याच वेबसाइटचे पान उघडले. जमिनीखालच्या पेवांत हळद कशी साठवत असत, याची माहिती तिथे मन लावून लिहिली होती. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचा उल्लेखही होता. मात्र किलोचा भाव, फोन नंबर, परगावी माल पाठवतात की नाही, यांपैकी काहीही नव्हते. मालकांनी अंगठ्याने पान तळापर्यंत नेले, पुन्हा वर आणले आणि मलाच विचारले, “अहो, मग आमच्याकडून हळद घ्यायची कशी?” हा प्रश्न त्या पानावर उतरणाऱ्या प्रत्येकाला पडत असणार. आपल्याकडे लोक कोणत्या पानावर उतरतात, हे वेबसाइटवरील भेटींची नोंद ठेवणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सच्या ‘लँडिंग पेज’ अहवालात कोणालाही पाहता येते. मुख्यपृष्ठावर खर्च करण्याआधी तो अहवाल एकदा तरी उघडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘डायरेक्ट’चा अर्थ तर मुळातच चुकीचा लावला गेला आहे. लिंकवर टिचकी मारली की ब्राउझर सहसा आधीच्या वेबसाइटचा पत्ता पुढच्या वेबसाइटला कळवतो, आणि तो पत्ता किंवा अन्य कोणतीही खूण मिळाली नाही की ती भेट ‘डायरेक्ट’मध्ये टाकली जाते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या भेटींबाबत असे वारंवार घडते. म्हणजे भाचीने मावशीला पाठवलेली बेदाण्याच्या भावाची लिंक आणि ग्राहकाने पिशवीवर वाचून टाइप केलेला पत्ता, दोन्ही एकाच रकान्यात जमा होतात. त्या वेगळ्या ओळखायच्या असतील तर आपण पाठवतो त्या लिंकच्या शेवटी ‘यूटीएम’ची खूण, म्हणजे भेट कुठून आली हे सांगणारे शब्द, जोडावी. गूगलने 2005 मध्ये विकत घेतलेल्या अर्चिन या कंपनीकडून आलेली ही पद्धत आजही चालते आणि तिला वेगळा खर्च नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. भाव पाहून त्याच पानावरून फोन लावणाऱ्याने एकच पान पाहिलेले असते. गूगल ॲनालिटिक्सची सध्याची आवृत्तीही 10 सेकंदांपेक्षा जास्त चाललेली भेट एकाच पानाची असली तरी परत फिरलेल्यांत धरत नाही.

त्या मजकुरातील एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. ज्यांना पेढीचे नाव आधीच ठाऊक आहे ते नावानेच शोधतात आणि बहुधा मुख्यपृष्ठावर येतात. त्यांच्यासाठी ते नीटनेटके असावेच. पण पेढीचे नाव कधी न ऐकलेला नवा ग्राहक आतल्या पानांवरून येतो. त्या पेढीच्या पेवांच्या पानावर आता छायाचित्राखालीच भाव आणि फोन नंबर दिला आहे. बेदाण्याच्या पानांचे हेच काम अजून बाकी आहे, आणि नवा माल बाजारात येण्याआधी ते पूर्ण करायचे आहे.