रवांडाला ‘एका कणखर माणसाने’ वाचवलं? त्या फॉरवर्डला उत्तर

माझ्या भाच्याने कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेचं भाषण मला तपासायला पाठवलं. विषय ‘संकटकाळातलं नेतृत्व’. दुसऱ्याच परिच्छेदात ओळखीची वाक्यं दिसली. रवांडावरचा तो लांबलचक फॉरवर्ड, जो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय आणि सोसायटीच्या ग्रुपवरही. आजवर मी त्याकडे दुर्लक्ष करत होते. पण अठरा वर्षांचा मुलगा व्यासपीठावर उभा राहून ‘खटले चालवत बसू नका, सरळ गोळ्या घाला’ असं म्हणणार असेल, तर गप्प बसणं मला जमणार नाही.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा सारांश: रवांडातल्या हुतू आणि तुत्सी या दोन जमाती शतकानुशतकं एकमेकांना मारत होत्या. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आणि वाटाघाटी कुचकामी ठरल्या. मग पॉल कागामे (तेव्हाचे बंडखोर सेनानी, आजचे राष्ट्राध्यक्ष) आले, त्यांनी खुन्यांना खटल्याशिवाय गोळ्या घातल्या आणि वर्षभरात देश शांत झाला. आज रवांडा आफ्रिकेचं सिंगापूर आहे आणि कागामेंना ९९ टक्के मतं मिळतात. म्हणून संकटात सापडलेल्या प्रत्येक देशाला असाच एक माणूस हवा.

आता एकेक मुद्दा घेऊ.

‘शतकानुशतकं मारत होते’ हे धादांत खोटं आहे. दोघांची भाषा एकच, किन्यारवांडा. एकाच टेकडीवर शेजारी घरं, एकच चर्च, आपसात लग्नंही होत. राजेशाहीत तुत्सींचं वर्चस्व होतं, त्यात अन्यायही होता, पण सामूहिक कत्तली सुरू झाल्या त्या १९५९ पासून. त्याआधी, १९३०च्या दशकात, बेल्जियमच्या वसाहती सरकारने ओळखपत्रावर प्रत्येकाची जमात लिहून टाकली आणि जी रेघ पूर्वी ओलांडता येत होती ती कायमची पक्की केली. १९९४च्या वंशसंहारात कट्टर हुतूंनी रस्त्यावरच्या नाक्यानाक्यावर हीच ओळखपत्रं बघून तुत्सींना मारलं.

आणि ते मारणं उत्स्फूर्त नव्हतं. इथे मी एकाच दस्तऐवजाचा आधार घेते, कारण तो संयुक्त राष्ट्रांनी स्वतःच्याच विरोधात करून घेतलेला आहे: स्वीडनचे माजी पंतप्रधान इंग्वार कार्लसन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा डिसेंबर १९९९चा अहवाल. शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ला न्यूयॉर्कला पाठवलेल्या तारेची त्यात तपशीलवार चर्चा आहे. इंटरहाम्वे या कट्टर हुतूंच्या सशस्त्र टोळीच्या आतल्या माणसाने दालेरना सांगितलं होतं, की राजधानी किगालीतल्या सगळ्या तुत्सींची नोंद करण्याचे आदेश आलेत, शस्त्रं लपवून ठेवलीत, वीस मिनिटांत हजार माणसं मारता येतील अशी तयारी आहे. शांतिसेनेतले काही बेल्जियन सैनिक मारायचे, म्हणजे बेल्जियम घाबरून निघून जाईल, हेही त्याने सांगितलं होतं. दालेरना ती शस्त्रं जप्त करायची होती. न्यूयॉर्कहून उत्तर आलं: करू नका.

पुढे सगळं त्या तारेप्रमाणेच झालं. ६ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांना मारलं. त्या स्वतः हुतू होत्या, पण समेटाच्या बाजूच्या. त्यांच्या रक्षणासाठी पाठवलेले दहा बेल्जियन सैनिकही मारले गेले. बेल्जियमने सैन्य परत बोलावलं, आणि २१ एप्रिलला, कत्तल ऐन भरात असताना, सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० माणसांवर आणायचा ठराव केला. किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत सुमारे दोन हजार लोक बेल्जियन तुकडीच्या आश्रयाला होते. ११ एप्रिलला तुकडी निघून गेली आणि त्यांतले बहुतेक जण मारले गेले.

तेव्हा ‘शांतिसेना कुचकामी ठरली’ यात अर्धं सत्य आहे, तेवढं मी मान्य करते. पण ती का कुचकामी ठरली हे फॉरवर्ड सांगत नाही. कार्लसन समितीने स्पष्ट लिहिलंय की अपयश संपूर्ण संयुक्त राष्ट्र यंत्रणेचं होतं, आणि त्याच्या मुळाशी साधनांचा आणि इच्छाशक्तीचा अभाव होता. मूठभर सैनिक पाठवायचे, त्यांना हात बांधून ठेवायचं, संकट येताच काढून घ्यायचं आणि नंतर म्हणायचं की शांतिरक्षण चालत नाही, हा कुठला न्याय?

दुसरं अर्धं सत्य मला जास्त जड जातं, पण ते नाकारता येत नाही. शंभर दिवस चाललेली ती कत्तल अखेर वाटाघाटींनी थांबली नाही. कागामेंच्या रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट या तुत्सी बंडखोर संघटनेच्या सैन्याने ती थांबवली. ४ जुलैला त्यांनी किगाली घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे तोवर आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली होती. जगातलं दुसरं कुणीही मदतीला आलं नव्हतं, हे कागामे वारंवार बोलून दाखवतात आणि त्यात ते चुकत नाहीत.

पण मारणं थांबणं म्हणजे शांतता झाली का? आता त्या मुद्द्यावर येते ज्यासाठी हे लिहायला बसले: ‘खटल्याशिवाय गोळ्या घातल्या आणि वर्षभरात देश शांत झाला.’

खटल्याशिवाय गोळ्या खरोखरच झाडल्या गेल्या. एप्रिल १९९५ मध्ये किबेहोच्या हुतू विस्थापितांच्या छावणीत नव्या सरकारच्या सैनिकांनी गोळीबार केला. सरकारने मृतांचा आकडा तीनशेच्या वर सांगितला, इतरांचे अंदाज काही हजारांचे आहेत. त्यात बायका-मुलं होती. त्याने देश शांत झाला? १९९७-९८ मध्ये वायव्य रवांडात पुन्हा युद्ध पेटलं होतं. १८ मार्च १९९७ला हुतू बंडखोर न्यांगेच्या माध्यमिक शाळेत घुसले आणि मुलांना म्हणाले, हुतू एका बाजूला व्हा, तुत्सी दुसऱ्या बाजूला. मुलं हलली नाहीत. आम्ही सगळे रवांडन आहोत, म्हणाली. हल्लेखोरांनी गोळ्या झाडल्या, हातबॉम्ब टाकले. सहा जण मारले गेले. रवांडा आज त्या विद्यार्थ्यांना राष्ट्रीय वीर मानतो. संकटकाळातल्या नेतृत्वावर कॉलेजच्या मुलाला बोलायचं असेल तर हे उदाहरण समोर आहे, आणि फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

आणि खटले? खटले टाळून रवांडा उभा राहिला असं म्हणणाऱ्याने रवांडाबद्दल काहीच वाचलेलं नाही. १९९४ नंतर बहुतेक न्यायाधीश आणि वकील मेलेले होते किंवा पळालेले. तुरुंगांत लाखाहून जास्त कैदी कोंबलेले, अनेकांवर धड कागदही नाहीत. नेहमीच्या न्यायालयांच्या गतीने शंभर वर्षं लागली असती. एप्रिल १९९८ मध्ये बावीस जणांना जाहीरपणे गोळ्या घातल्या, त्याही न्यायालयाने शिक्षा दिल्यावर. त्यानंतर देशाने तो रस्ता सोडला आणि २००७ मध्ये फाशीची शिक्षाच रद्द केली. ज्या देशात एवढं घडलं, त्या देशाने!

त्याऐवजी उभी राहिली गावागावांतली ‘गचाचा’ न्यायालयं. सुमारे बारा हजार. लोकांनी आपल्यातूनच अडीच लाखांच्या आसपास पंच निवडले: शेतकरी, शिक्षक, ज्यांच्या शब्दाला गावात मान होता असे. आठवड्यातून एक दिवस गाव उघड्यावर जमायचं. विधवेसमोर तिच्या नवऱ्याला मारणारा उभा राहायचा, आणि तिचा पहिला प्रश्न बहुतेकदा शिक्षेचा नसायचा. प्रेत कुठे टाकलंस, हा असायचा. कबुली दिली तर शिक्षा कमी, काही भाग समाजसेवेत. २०१२ मध्ये ही न्यायालयं बंद झाली तोवर सुमारे १९ लाख प्रकरणं निकालात निघाली होती. मुख्य सूत्रधारांचे खटले वेगळे, टांझानियातल्या अरुशा इथे, आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे चालले. वंशसंहाराच्या काळातले पंतप्रधान झाँ कांबांदा यांना १९९८ मध्ये जन्मठेप झाली.

गचाचा निर्दोष होती असं मी म्हणत नाही. आरोपीला वकील नव्हता, साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींचे खून झाले, आणि विजयी सैन्याने केलेले गुन्हे तिथे येऊच दिले नाहीत. हा शेवटचा दोष फार मोठा आहे. पण ज्या कामाने शेजारी पुन्हा शेजारी राहू शकले, ते हजारो पंचांनी वर्षानुवर्षं बसून केलं. त्यांचं श्रेय उचलून एका माणसाच्या खात्यावर जमा करायचं, वर त्यांनी केलं त्याच्या नेमकं उलट केलं असं सांगायचं, हे मला संतापजनक वाटतं.

आफ्रिकेचं सिंगापूर वगैरे. किगाली स्वच्छ आहे, सुरक्षित आहे, बालमृत्यू प्रचंड घटलेत, संसदेत निम्म्याहून जास्त बायका आहेत. सगळं खरं. पण २०२४ मधली ९९ टक्के मतं ही लोकांच्या समाधानाची पावती कशी? व्हिक्टोआर इंगाबिरे आणि डियान रविगारा या विरोधकांना उभंच राहू दिलं नाही. आणि सीमेपलीकडे कांगोत एम-२३ या बंडखोरांबरोबर रवांडाचे हजारो सैनिक असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने नोंदवलंय. जानेवारी २०२५ मध्ये याच बंडखोरांनी कांगोतलं गोमा शहर घेतलं. त्या भागात आपले भारतीय शांतिसैनिक वर्षानुवर्षं तैनात आहेत. रवांडातली शांतता मोजताना गोमातून पळालेली माणसं कुठे मोजायची?

राहिला ‘प्रत्येक देशाला असाच एक माणूस हवा’. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाने तो निवडून बघितला. गृहयुद्धाने दमलेल्या लोकांनी १९९७ मध्ये बंडखोरांचा सरदार चार्ल्स टेलर याला सुमारे ७५ टक्के मतं दिली, हाच काय ते आटोक्यात आणेल म्हणून. दोन वर्षांत युद्ध परत आलं. २००३ मध्ये लेमा बोवी आणि तिच्यासोबतच्या ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून राजधानी मोनरोव्हियात भर उन्हापावसात रस्त्याकडेला बसल्या, आणि घानात अक्रा इथे वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा त्यांनी सभागृहाची दारं अडवून धरली. टेलर ऑगस्टमध्ये गेला, त्याच महिन्यात करार झाला. पुढे शांतिसेनेत भारताच्या महिला पोलिसांची तुकडी २००७ पासून मोनरोव्हियात गस्त घालत होती. तीही या गोष्टीचा भाग आहे. टेलरला ५० वर्षांची शिक्षा झाली. एलेन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या आणि मुदत संपल्यावर गेल्या. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वेआ जेमतेम सव्वा टक्क्याच्या फरकाने हरले. अंतिम निकाल जाहीर होण्याआधीच त्यांनी जोसेफ बोआकाई यांना फोन करून पराभव मान्य केला.