‘माझाच मजकूर मी चोरला?’ : गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, नमस्कार.

मागच्या महिन्यात मी ‘मराठी विकिपीडिया : नवख्यांचे वीस प्रश्न’ हा लेख लिहिला, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. तुम्ही ‘एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा’ एवढीच सही केली आहे, म्हणून गुरुजीच म्हणते. चार ओळींत उरकावी अशी ती प्रतिक्रिया नव्हती. दोनदा वाचली, एक दिवस जाऊ दिला आणि आज सवडीने लिहायला बसले आहे.

इतर वाचकांसाठी आधी हकिगत सांगते. माझा लेख वाचून गुरुजींनी विकिपीडियावर खातं उघडलं आणि आपल्या गावावर लेख लिहिला. शाळेच्या शताब्दीच्या स्मरणिकेत त्यांनीच पूर्वी लिहिलेला गावाचा इतिहास त्यात घेतला. शिवाय गावातल्या बारवेविषयी, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीविषयी, दहा-बारा नवी वाक्यं लिहिली. संध्याकाळपर्यंत पान गेलं होतं. कारण दिलं होतं : प्रताधिकार (कॉपीराइट) भंग. मग त्यांनी बारवेचा मजकूर आठवून पुन्हा वेगळा टाकला, तर त्यावर ‘संदर्भ हवा’ अशी खूण आली. गुरुजी लिहितात, ‘माझाच मजकूर मी चोरला? सत्तर वर्षं ज्या गावात काढली त्या गावाबद्दल मलाच पुरावा मागता? तुमच्या लेखात कुठलं बटण दाबायचं एवढंच आहे. दार उघडं आहे म्हणून बोलावता आणि माणूस उंबऱ्यावर आला की हाकलता.’

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो माझ्यावर आहे आणि खरा आहे. त्या वीस प्रश्नांमध्ये दुवा कसा द्यायचा, ठळक अक्षरं कशी करायची, वर्ग कसा जोडायचा हे सगळं आहे. नवा माणूस पहिल्याच दिवशी जो प्रश्न विचारतो, ‘माझं लिहिलेलं का काढलं?’, तो मात्र नाही. मला सोपे वाटले ते प्रश्न मी घेतले. ‘इथे कोणीही लिहू शकतं’ हे वाक्य मी तीन वेळा लिहिलं, आणि काय लिहिलं तर टिकतं हे एकदाही सांगितलं नाही.

ही चूक मी दुसऱ्यांदा केली, याचं जास्त वाईट वाटतं. काही वर्षांपूर्वी मराठी भाषा गौरव दिनानिमित्त एका महाविद्यालयात मी कार्यशाळा घेतली होती. तीसेक मुलं होती, दोन तास मिळाले. दोन्ही तास मी टंकलेखनात आणि साच्यांत, म्हणजे पानावर घालायच्या तयार चौकटींत, घालवले. मुलांनी ग्रंथालयातली पुस्तकं समोर उघडून भराभर परिच्छेद उतरवले आणि रात्रीपर्यंत निम्म्याहून अधिक पानं वगळली गेली. एका मुलीने आजीच्या गोधड्यांवर स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं, तेही संदर्भ नाही म्हणून गेलं. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला : ‘मॅडम, मी काही चुकीचं केलं का?’ मी तिला समजावलं, पण ती परत लिहायला आली नाही. तिला आधीच चार वाक्यं सांगितली असती तर आली असती, असं मला आजही वाटतं. ती चार वाक्यं आता तुम्हाला सांगते, जरा विस्ताराने.

स्मरणिकेचा लेख तुमचा आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पान वगळणाऱ्याला काय दिसलं ते बघा. कालच खातं उघडलेल्या एका सदस्याने दीड हजार शब्द एकदम चिकटवले आणि तेच शब्द, त्याच क्रमाने, शाळेच्या संकेतस्थळावर आहेत. तिथे लेखक म्हणून तुमचं नाव आहे, विकिपीडियावर तुमचं सदस्यनाव वेगळं आहे. दोन्ही माणसं एकच, हे त्याने कशावरून ओळखायचं? दुसऱ्याचा छापील मजकूर असाच चिकटवणारे रोज येतात, आणि त्यातल्या काहींचे मूळ लेखक हयात असतात. त्यांच्या बाजूनेही कोणीतरी उभं राहायला हवंच ना?

त्याने तुमच्या चर्चा पानावर दोन ओळी लिहायला हव्या होत्या. नुसता शिक्का मारून जाणं बरोबर नव्हतं, इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे.

आता यातून वाट कशी काढायची? कायद्याप्रमाणे लेखनाचा पहिला हक्क साधारणपणे लेखकाचा असतो. नोकरीचं काम म्हणून लिहिलं असेल किंवा हक्क लिहून दिले असतील तर गोष्ट वेगळी. स्मरणिकेसाठी तुम्ही हौसेने लिहिलं असेल तर दोन मार्ग आहेत. एक, शाळेच्या संकेतस्थळावर त्या लेखाखाली ‘हा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० परवान्याखाली उपलब्ध आहे’ अशी ओळ घालून घ्यायची. दोन, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या परवानग्या तपासणाऱ्या स्वयंसेवकांना तसा ई-मेल पाठवायचा. मात्र हे करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती फार कमी जण सांगतात. हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. तुमचं नाव देऊन आणि तोच परवाना पुढे चालू ठेवून कोणीही तो मजकूर वापरू शकतो, बदलू शकतो, पुस्तकात छापून विकूही शकतो. चालणार असेल तरच द्या.

खरं सांगायचं तर तुम्ही ही खटपट करू नये, असं माझं मत आहे. कारण परवानगी मिळाली तरी तो लेख विकिपीडियावर जसाच्या तसा राहणार नाही. तुमचं पहिलंच वाक्य घ्या : ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले आमचे गाव म्हणजे पंचक्रोशीचे भूषण असून येथील बारव पेशवाईच्या वैभवाची साक्ष देत आजही दिमाखात उभी आहे.’ स्मरणिकेत हे वाक्य शोभतं. शताब्दीला जमलेल्या माजी विद्यार्थ्यांचा ऊर ते वाचून भरून आला असेल. पण नांदेडच्या किंवा न्यू जर्सीच्या वाचकाला त्यातून कळतं काय? गाव कुठल्या तालुक्यात, बारव गावाच्या कुठल्या बाजूला, बांधणी कसली, पेशवाईतली कशावरून, यातलं काहीच कळत नाही. तुमच्याच माहितीवरून मी असं लिहून पाहिलं : ‘गावाच्या पूर्वेस दगडी बांधणीची बारव आहे. तिच्या प्रवेशकमानीवर देवनागरी शिलालेख असून त्यात शके १६९० असा उल्लेख आहे.’ शके १६९० म्हणजे इ.स. १७६८-६९, थोरल्या माधवरावांचा काळ. ‘दिमाखात’ हा शब्द गेला, पण बारव आधीपेक्षा स्पष्ट दिसू लागली.

‘मग केतकरांचा ज्ञानकोश लोक सर्रास उतरवतात तो कसा चालतो?’ असंही तुम्ही विचारलं आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ साली वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं प्रताधिकार टिकतो, म्हणून त्यांचं लेखन केव्हाच सर्वांसाठी खुलं झालं आहे. पण त्यातली लोकसंख्या आणि राज्यांच्या सीमा इंग्रजी अमदानीतल्या आहेत, ते विसरून उतरवणाऱ्यांमुळे नव्या चुका होतात. खुलं आहे म्हणून आजचं आहे असं नव्हे.

आता तुमच्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट : ‘मलाच पुरावा मागता?’

गुरुजी, तुम्हाला पुरावा मागितला यात तुमच्यावर अविश्वास नव्हता. विकिपीडियावर तुम्ही कोण हे वाचकाला दिसत नाही आणि दिसलं तरी उपयोग नाही. उद्या शेजारच्या गावचा एखादा येऊन ‘ही बारव यादवकालीन आहे, माझे आजोबा सांगायचे’ असं लिहील. त्याचे आजोबा आणि तुमचे आजोबा यांच्यात निवाडा कोणी करायचा? वाचकाला स्वतः पडताळता येईल असं काहीतरी कुठेतरी प्रसिद्ध झालेलं असलं पाहिजे, एवढाच तो नियम आहे. तुमच्या गावाचा इतिहास तुमच्या हयातीनंतर कोणी मनाला येईल तसा बदलू नये, यासाठीसुद्धा त्याचाच आधार आहे.

तरी या नियमाची दुखरी बाजू मी नाकारत नाही. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या प्रसिद्ध बारामोटेच्या विहिरीवर लिहायचं तर पुस्तकं आहेत, वर्तमानपत्रातले लेख आहेत. तुमच्या बारवेवर कोणी काहीच लिहिलेलं नाही. ज्या समाजाचं ज्ञान ओवीत, कीर्तनात आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात राहिलं, त्याला ‘छापील दाखवा’ म्हणणं अन्यायाचंच होतं. विकिपीडियाच्या चळवळीतही हे बोललं गेलं आहे. २०११ साली अचल प्रभला यांच्या पुढाकाराने हिंदी, मलयाळम आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी या भाषांत, लोकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती संदर्भ म्हणून वापरून पाहण्याचा प्रयोग झाला होता. त्यातून सर्वत्र लागू होईल असा नियम काही बदलला नाही. मला तो प्रयोग मराठीतही व्हावा असं मनापासून वाटतं. पण तोवर हातात आहे त्याचा वापर करायला हवा.

आणि हातात बरंच आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड १८८५ सालचा आहे. तो इंग्रजीत असला तरी प्रताधिकारमुक्त आणि इंटरनेटवर मोफत वाचता येतो. गावाचं नाव त्यात जुन्या स्पेलिंगने शोधावं लागतं. राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाचे नंतरचे गॅझेटियर आहेत. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावाची लोकसंख्या, क्षेत्रफळ, शाळा, पाण्याची सोय हे सगळं गाववार दिलेलं आहे. संदर्भ इंटरनेटवर असलाच पाहिजे असंही नाही, हा गैरसमज फार आहे. तालुक्याच्या ग्रंथालयातलं पुस्तक चालतं. लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक एवढं लिहिलं की झालं. आणि तुमची स्मरणिका? शाळा कुठल्या साली सुरू झाली, पहिले मुख्याध्यापक कोण, अशा साध्या तपशिलाला ती संदर्भ म्हणून देता येईल. लेखक तुम्हीच आहात हे मात्र लेखाच्या चर्चा पानावर मोकळेपणाने सांगून टाका.

शिलालेखाचं जरा वेगळं आहे. दगडावर जे कोरलेलं आहे ते तसंच उद्धृत करता येतं. त्यावरून ‘म्हणजे ही बारव अमक्या सरदारानेच बांधली’ असा निष्कर्ष विकिपीडियावर आपण काढायचा नाही, तिथे त्याला मूळ संशोधन म्हणतात. पण विकिपीडियाबाहेर तो काढायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकात अशा शिलालेखांची वाचनं छापून येत आली आहेत. जाणकाराकडून वाचन तपासून घ्या, टिपण तिकडे पाठवा. छापून आलं की तोच तुमचा संदर्भ, आणि पुढे शंभर जणांचाही. ज्या बारवेवर कोणी लिहिलं नाही तिच्यावर लिहिणारे पहिले तुम्ही व्हाल.

दोन छोटे मुद्दे राहिले. ‘माझ्या लेखात न विचारता कोणीतरी हात घातला’ : हो, घालणारच. तिथे लेख कोणा एकाचा नसतो. पण केलेला प्रत्येक बदल ‘इतिहास’ या दुव्यावर कोणी, केव्हा केला यासकट दिसतो आणि चुकीचा असेल तर उलटवता येतो. पान मुळातूनच वगळलं गेलं की इतिहासही आपल्याला दिसेनासा होतो, प्रचालकांना, म्हणजे पानं वगळण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांना, मात्र दिसतो. तुमची बारवेवरची मूळ वाक्यं हवी असतील तर प्रचालकाच्या चर्चा पानावर तशी विनंती करा. ती तुमचीच आहेत आणि स्मरणिकेत नव्हती, तेव्हा परत मिळायला हरकत नसावी.

दुसरा, तिथली भाषा परकी वाटली असं तुम्ही म्हणता. साचा, सदस्य, प्रचालक हे शब्द सवयीने रुळतात. पण सरावाच्या पानाला मराठी विकिपीडियावर ‘धूळपाटी’ म्हणतात आणि सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेला ‘चावडी’. पाटीवर धूळ पसरून अक्षरं गिरवायची, पुसायची, पुन्हा गिरवायची, हे तुम्हाला मी काय सांगू? हे शब्द निवडणाऱ्याच्या मनात तुमच्यासारख्यांचंच गाव असणार.

वीस प्रश्नांच्या त्या लेखात ‘माझं लिहिलेलं का काढलं?’ हा प्रश्न मी आज पहिल्या क्रमांकावर घातला आहे आणि उत्तरात तुमचं उदाहरण, गावाचा उल्लेख टाळून, दिलं आहे. तुमची हरकत असेल तर कळवा, काढून टाकेन. माझ्या धूळपाटीवर तुमच्या गावाच्या लेखाचा आराखडाही करून ठेवला आहे. त्यात जनगणनेचे आकडे मी भरले, बारवेचा परिच्छेद मोकळा सोडला आहे. तो तुम्ही लिहायचा.

आणि फोटो तुम्ही स्वतः काढा. स्वतः काढलेला फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक साठ्यावर, चढवता येतो, इंटरनेटवरून उचललेला चालत नाही. एक काम करा, कमानीचा फोटो दुपारी काढू नका. सकाळी ऊन तिरपं असताना जा, दगडावर लोट्याभर पाणी टाकून धूळ धुऊन घ्या आणि बाजूने उजेड पडेल असे उभे राहा. झिजलेली अक्षरं तेव्हाच उठून दिसतात. शकाच्या आकड्यातला तिसरा अंक ९ आहे की ७, अशी तुम्हाला शंका होती ना, तीही बहुधा तेव्हाच फिटेल. ७ निघाला तर वर मी लिहिलेला शक वीस वर्षांनी मागे जाईल, तेवढं मला लगेच कळवा.