अकरा लाख आणि घरभाडं

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठात मी काम करते. काम कारकुनीचंच. माजी सैनिक म्हणून शिकायला आलेल्यांची कागदपत्रं तपासायची, कोण किती विषय घेतोय ते सरकारच्या माजी सैनिक खात्याला कळवायचं आणि फीचे पैसे अडकले की फोन करत बसायचं. आमच्याकडे विमान चालवण्याची पदवी आहे. त्यामुळे माझ्या टेबलासमोर बसलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांची नजर खिडकीबाहेर, आभाळाकडे असते. ढग खाली आले की त्यांचे चेहरेही उतरतात.

माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. तिथून थोड्या अंतरावर अपशिंगे मिलिटरी. गावाच्या नावातच मिलिटरी असलेला हा आमचा मुलूख. आप्पा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि नंतर अठरा वर्षं एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक मांडीवर घेऊन स्टुलावर बसले. वायरलेस सेट डोळे मिटून उघडून परत जोडणारा माणूस तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला स्लिपा भरून द्यायचा. पण पेन्शन होती, त्यामुळे घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मला वाटायचं, पण तेव्हा नाही. इकडे आल्यावर.

माझा भाचा डिसेंबर २०२२ मध्ये अग्निवीरवायूच्या, म्हणजे हवाई दलात चार वर्षांसाठी घेतलेल्या अग्निवीरांच्या, पहिल्या तुकडीत बेळगावला गेला. त्याची चार वर्षं भरत आली तशी घरच्या फोनवरची वादावादी वाढत गेली. दादाचं म्हणणं, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, शंभरातले पंचवीस ठेवणार आणि पंच्याहत्तर घरी. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पोरगं दारात येऊन उभं राहणार, तर त्याचं करायचं काय? चुलत्यांचं म्हणणं उलट. एवढ्या वयात करमुक्त ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी कुणाच्या पोराच्या हातात असतो? आणि हे फुकटचेही नाहीत. पहिल्या वर्षी ३० हजारांतले ९ हजार कापून पोराच्या हाती २१ हजारच येत होते. असे चार वर्षांत त्याचे पाच लाख, तेवढेच सरकारचे, वर व्याज. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात, आणि दोघंही वाद घालतात तो रकमेवर. वर्तमानपत्रातला आणि विधानसभेतला वादही मला इथून तसाच दिसतो. अकरा लाख पुरेसे की अपुरे, एवढाच.

गेल्या हिवाळ्यात भाच्याने विचारलं, "आत्या, तुझ्याकडची पोरं सरकारच्या पैशावर पायलट होतात म्हणे?"

होतात. पण कशी होतात ते नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे या योजनेचं कौतुक करणारे आणि तिला नावं ठेवणारे दोघंही ती अर्धीच सांगतात.

जीआय बिल म्हणतात तो, माजी सैनिकांना शिकायला पैसे देणारा कायदा अध्यक्ष रूझवेल्टनी २२ जून १९४४ ला सही करून आणला. युद्ध संपल्यावर लाखो तरुण एकदम बेकार होऊन रस्त्यावर येतील ही भीती त्यामागे होती. उपकाराची भावना असेल, पण भीती जास्त. १९४७ साली इथल्या कॉलेजांत दाखल झालेल्यांत जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. (कृष्णवर्णीय सैनिकांपर्यंत, विशेषतः दक्षिणेत, हा लाभ फारसा पोहोचू दिला गेला नाही, हेही त्याच कायद्याच्या खात्यावर मांडलं पाहिजे.) आज चालतो तो २००९ पासूनचा अवतार. तीन वर्षं सक्रिय सेवा झाली की ३६ महिन्यांचं शिक्षण, म्हणजे सुट्या वगळून कॉलेजची चार वर्षं. सरकारी कॉलेजची फी पूर्ण, पुस्तकांना वर्षाला हजार डॉलरपर्यंत, आणि कॉलेज ज्या गावात आहे तिथल्या दराने दरमहा घरभाडं.

आता विमानाचं गणित. साध्या उड्डाणशाळेत, पदवीशिवाय, शिकायचं म्हटलं तर सरकार वर्षाला १७ हजार डॉलरच्या आसपास देऊन थांबतं, खासगी वैमानिकाचा पहिला परवाना आधी स्वतःच्या खिशातून काढून ये म्हणतं, आणि घरभाडं देत नाही. खासगी विद्यापीठात फीला वर्षाला साधारण ३० हजारांची मर्यादा. सरकारी कॉलेजात मात्र विमानाचे तास पदवीचा भाग असतील तर तेही फीतच धरले जातात, आणि त्या फीला मर्यादा नाही. विमानाचा खर्चच सहज ८०-९० हजार डॉलरच्या घरात जातो. शिवाय २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून ५० माणसं गेली, त्यानंतर इथे प्रवासी विमानात बसायला वैमानिकाला १,५०० तासांची अट आली. विमानविद्येची मान्यताप्राप्त पदवी असेल तर ती १,००० वर येते. म्हणून मुलं कॉलेजची वाट धरतात.

माझ्याकडे येणारा एक मुलगा आहे. सैन्यात हेलिकॉप्टरचा मेकॅनिक होता, सत्तावीस वर्षांचा, बायको आणि दोन वर्षांची मुलगी. त्याने मला हॉब्ज मीटर म्हणजे काय ते समजावलं. विमानात रिक्षाच्या मीटरसारखा एक आकडा असतो, तासाच्या दहाव्या भागाने पुढे सरकणारा. इंजिन चालू असेपर्यंत तो पळतो. धावपट्टीच्या तोंडाशी चार विमानं पुढे उभी असली, तरी पळतो. "पैसे माझे नाहीत," तो म्हणाला, "तरी तो आकडा बघून पोटात गोळा येतो." आणि दुसरा आकडा माझ्या संगणकावर: शिल्लक हक्क, महिने आणि दिवस. पहिला आकडा हवामानावर चालतो, दुसरा दिनदर्शिकेवर. जानेवारीत तीन आठवडे बर्फ आणि वारा. विमानं हँगरमध्ये, पण महिने चालू. सत्र संपतं, उड्डाणाचा विषय अपुरा राहतो, पुढच्या सत्रात ओढावा लागतो. नाताळच्या सुटीत घरभाड्याचा भत्ता थांबतो, घरमालक थांबत नाही. त्या दिवसांत हा मुलगा एका गोदामात रात्रपाळी करतो आणि सकाळी माझ्याकडे येऊन, अजून पैसे का आले नाहीत ते विचारतो.

याहून अवघड गोष्ट तो हळू आवाजात विचारतो. झोप लागत नाही, त्यासाठी डॉक्टरकडे गेलो तर वैमानिकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र जाईल का? याचं उत्तर माझ्या अधिकारात नाही. पण त्याची भीती पोकळ नाही. २०२३ मध्ये उघड झालं की सुमारे ४,८०० वैमानिकांची चौकशी विमान प्राधिकरणाने केली होती. माजी सैनिक म्हणून ते अपंगत्वाचा भत्ता घेत होते, आणि तीच दुखणी उड्डाणाच्या वैद्यकीय अर्जात लिहिली नसावीत असा संशय होता. एका खिडकीवर दुखणं सांगितलं तर भत्ता मिळतो, दुसऱ्या खिडकीवर सांगितलं तर पंख जातात. दोन्ही खिडक्या एकाच सरकारच्या.

आणि लुटीचं सांगितलं नाही तर चित्र अर्धंच राहील. मर्यादा नसलेली फी म्हटल्यावर मुंगळे येणारच. लॉस एंजेलिस टाइम्सने २०१५ मध्ये छापलं की काही खासगी हेलिकॉप्टर कंपन्या छोट्या सरकारी कॉलेजांशी करार करत होत्या. कॉलेजचं नाव, कंपनीची हेलिकॉप्टरं, बिल सरकारला. एकेका माजी सैनिकामागे ५ लाख डॉलरहून जास्त रक्कम गेल्याची उदाहरणं होती. हेलिकॉप्टरचा तास मुळात महाग, त्यात महागडी मोठी यंत्रं वापरायची. त्यानंतर सरकारने जुना नियम कडक लावला: कुठल्याही अभ्यासक्रमात सरकारी पैशावर शिकणारे ८५ टक्क्यांच्या वर नकोत. शंभरातले पंधरा तरी स्वतःच्या खिशातून फी भरणारे हवेत. म्हणजे किंमत बाजारात टिकते की फक्त सरकारच्या तिजोरीवर, ते कळतं. मला हा नियम फार आवडतो. आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या फीवरच उभ्या राहिलेल्या कॉलेजांना हा एकच प्रश्न विचारला, तर किती इमारती उभ्या राहतील?

उड्डाणाच्या फीला स्वतंत्र कमाल मर्यादा घालायचे प्रस्ताव इथल्या संसदेत अनेकदा आले. मी स्वतः मर्यादेच्या बाजूची आहे, आणि त्यामुळे ऑफिसात माझं काही जणांशी जमत नाही. त्यांचं म्हणणं, मर्यादा घातली की आमचा मेकॅनिक कर्ज काढेल आणि डॉक्टरचा मुलगा पायलट होईल. त्यात तथ्य आहे. आपल्याकडे तर तेच चालू आहे. गोंदियाच्या उड्डाणशाळेत शिका, नाहीतर उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजच्या. व्यावसायिक परवान्याचे २०० तास पुरे होईपर्यंत पन्नास लाखांच्या आसपास, कधी त्याहून जास्त जातात. ज्याच्या बापाकडे विकायला जमीन आहे, त्याचं पोर कॉकपिटमध्ये. भाच्याकडे बारावीचं भौतिकशास्त्र आहे, गणित आहे, चार वर्षं विमानांच्या सावलीत काढलेली आहेत. कागदावर तो पात्र. अकरा लाखांत मात्र त्याचे पन्नास तासही धड होणार नाहीत.

पण या सगळ्या कागदांत इतकी वर्षं बोटं काळी केल्यावर मला जे दिसतं ते फीबद्दलचं नाहीच. या योजनेतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे ते घरभाडं. फी माफ असलेली कॉलेजं जगात पुष्कळ आहेत. मिळवता हात झालेल्या माणसाला चार वर्षं वर्गात बसायची सवड देणारी सरकारं थोडी. उड्डाणशाळेत भाडं नाही आणि कॉलेजात आहे, एवढ्या एका फरकासाठी बायको-मुलं असलेली माणसं चार वर्षांच्या पदवीला नाव घालताना मी रोज बघते.

आणि आपल्याकडचा वाद नेमका इथे चुकतो. महाराष्ट्रात आयटीआयची, शासकीय तंत्रनिकेतनाची फी ही फार मोठी अडचण नाही. अग्निवीरांना सेवेतल्या प्रशिक्षणाचे निम्मे गुण धरून इग्नूची पदवी घेता येते, तेही चांगलंच. अडचण अशी, की चार वर्षं घरी पैसे पाठवणारा मुलगा परत आल्यावर पुण्यात खोली घेऊन तीन वर्षं नुसता शिकतोय, हे आपल्या घरांत कुणाला परवडत नाही. त्याला स्वतःलाही तोंड वर करून ते मागवत नाही. मग तो उद्याच मिळेल ती नोकरी धरतो. गणवेश घालून कुणाच्या तरी दारात उभं राहायची नोकरी लगेच मिळते. आप्पांनाही मिळाली होती.

चुलते म्हणतात, मग अकरा लाखांतून भाडं भर की. हिशोबाने बरोबर आहे. पण एकरकमी पैसा घरात आला की त्याला पाय फुटतात. बहिणीचं लग्न असतं, विहिरीचं काम असतं, ट्रॅक्टरचा पहिला हप्ता असतो, आणि यातलं काहीच चैनीचं नसतं. जीआय बिलाचे पैसे माझ्या मेकॅनिकच्या सासऱ्याला मागता येत नाहीत. तो वर्गात बसला तरच ते येतात, महिन्याने येतात आणि भाड्यापुरतेच येतात. हे सरकारने त्याच्यावर अविश्वास दाखवणंही आहे. मला आधी ते खटकायचं. सज्ञान माणूस, बंदूक हाती दिलीत, पैसा का देत नाही? आता वाटतं, घरच्यांना नाही म्हणण्याची वेळ त्याच्यावर येऊ न देणं, हाही सन्मानच आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. सेवानिधी आहे तसा राहू द्या. सोबत २४ महिने, सरकारमान्य संस्थेत शिकत असेपर्यंत, त्या शहराच्या दराने दरमहा खोली-जेवणाचा भत्ता द्या. आजही माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलाला महिना २,५०० आणि मुलीला ३,००० रुपये; म्हणजे दरमहा पैसे देण्याची वाट सरकारला अनोळखी नाही. पहिल्याच वर्षी भरतीचा आकडा ४६ हजारांच्या घरात होता, तेव्हा खर्च मोठा होईल हे मला कळतं. म्हणून फीला मर्यादा पहिल्या दिवसापासून, आणि तो ८५ टक्क्यांचा नियमही. पायलट सगळे होणार नाहीत, व्हायची गरजही नाही.

भाच्यानेही ते मनावर घेतलेलं नाही. विमान दुरुस्तीच्या परवान्याचा अभ्यासक्रम त्याने शोधून ठेवलाय. मागच्या रविवारी त्याने विचारलं, "आत्या, पुण्यात दोघांत एक खोली घेतली तर महिना किती धरू?" मी म्हटलं, तू आधी दादाशी बोल. तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला. गवंडी आला होता, वरच्या मजल्याच्या स्लॅबचा अंदाज घेऊन. भाचा म्हणाला, "थांब आत्या, नंतर करतो," आणि फोन ठेवला.