आईचा मराठी अर्ज परत कोणत्या नियमानं केला?

“माताजी, मराठी में नहीं चलेगा. हिंदी या इंग्लिश में लिख के लाइए.” हे आज माझ्या आईला ऐकावं लागलं, आणि तेही नागपुरात! एका केंद्रीय कार्यालयाच्या आवक खिडकीवर. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांत तिच्या नावाचं एक अक्षर चुकलंय, तेवढं दुरुस्त करा, एवढाच अर्ज. स्वतःच्या हातानं, सुवाच्य लिहिलेला. दीड तास रांगेत उभी राहिली आणि समोरच्यानं कागद न वाचताच परत सरकवला. काहून?

राज्यघटनेचं कलम 350 वाचा. गाऱ्हाणं मांडायचं तर देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं, अधिकारी केंद्राचा असो की राज्याचा. आठव्या अनुसूचीत 14 भाषा होत्या तेव्हापासून मराठी आहे. आता 22 झाल्या. 2024 साली अभिजात दर्जा मिळाला, आम्हालाही आनंद झाला. पण त्या भाषेतला पानभर कागद खिडकीतून आत जाऊ शकत नाही!

आणि खरी चीड पुढेच आहे. अर्ज घेतला असता तरी उत्तर मराठीत यायचं बंधन कोणावर नाही. 1976 च्या राजभाषा नियमांत महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात. इथल्या माणसाला केंद्राचं कार्यालय पत्र धाडणार ते हिंदीत नाहीतर इंग्रजीत. तमिळनाडूला हे नियमच लागू नाहीत. म्हणजे आईनं मागायचं स्वतःच्या भाषेत, आणि काय ठरलं ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं!

हिंदीचा मला राग नाही. 1956 पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी बोलणाऱ्या राज्याची राजधानी होतं. इतवारीत आजही दोन्ही भाषा गुण्यागोविंदानं नांदतात. समोरच्यानं हिंदी काढली की आम्ही आपणहून हिंदीवर येतो. त्या मोकळेपणाचं हे फळ?

आईनं वादही घातला नाही. ऑटोत बसल्यावर म्हणाली, “माह्यंच काही चुकलं असन.” काय चुकलं तिचं? सत्तरीची बाई, उमरेडच्या मराठी शाळेत शिकली, स्वतःचा अर्ज स्वतः लिहिला, हे?

उद्या तोच अर्ज घेऊन मी जातोय. वर ठळक 350 लिहिलंय. घेत नसाल तर तसं लेखी द्या, घेत असाल तर शिक्का मारून पोच द्या. तोवर खिडकीवरून हलणार नाही.